बाह्य हार्ड डिस्कचा खडखडाट : बिघाड डिस्कचा की विजेचा?

घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे, मुलांच्या स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती, व्यवसायाचे हिशेब, प्रबंधाची टिपणे असा कितीतरी ऐवज आज तळहाताएवढ्या एका डबीत साठवलेला असतो. ही डबी म्हणजे यूएसबी जोडणीची बाह्य हार्ड डिस्क. एरवी ती मुकाट्याने आपले काम करीत असते. मात्र एखाद्या दिवशी संगणकाला जोडताच ती ‘टक्-टक्’ असे ठोके देऊ लागते, घरघरते, मध्येच थांबते आणि पुन्हा फिरू लागते. पडद्यावर तिचे नाव क्षणभर दिसते आणि नाहीसे होते. अशा वेळी काही जण डिस्क कायमची गेली असे समजून आशा सोडतात, तर काही जण ती चालू होईपर्यंत पुन्हा पुन्हा जोडत आणि काढत राहतात. हे दोन्ही मार्ग नुकसानीचे आहेत.

या आवाजांमागे कधी डिस्कच्या आतील यांत्रिक बिघाड असतो, तर कधी तिला पुरेशी वीज मिळत नाही एवढेच कारण असते. पहिला बिघाड घरी दुरुस्त होत नाही. दुसरा बरेचदा एका चांगल्या केबलने दूर होतो. अडचण अशी की, दोहोंचे आवाज पुष्कळदा सारखेच असतात. त्यांतील भेद कसा ओळखावा, तपासणी कोणत्या क्रमाने करावी आणि मुख्य म्हणजे कोठे थांबावे, याची ही माहिती.

आवाज येतो कोठून?

हार्ड डिस्कच्या आत चुंबकीय थर दिलेल्या गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला साधारणपणे ५४०० किंवा ७२०० फेऱ्या या वेगाने फिरतात. त्यांच्यावरून, अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावरून, माहिती वाचणारी व लिहिणारी हेड सरकत असतात. तबकड्यांच्या वेगामुळे हवेचा जो पातळ थर तयार होतो, त्यावर ही हेड तरंगतात. वेग कमी झाला की हा आधार नाहीसा होतो. म्हणून तबकडी थांबण्यापूर्वी हेड बाजूच्या सुरक्षित जागी नेऊन ठेवावी लागतात.

या यंत्रणेला सर्वांत जास्त वीज लागते ती सुरुवातीच्या काही सेकंदांत, स्थिर तबकड्यांना वेग देताना. खिशात मावणाऱ्या अडीच इंची डिस्कला त्या क्षणी ५ व्होल्ट दाबाने सुमारे १ अँपिअर प्रवाह लागू शकतो. पूर्ण वेग आल्यावर ही गरज निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मेजावर ठेवण्याच्या साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट दाब लागतो आणि आरंभीचा प्रवाह २ अँपिअरच्या घरात जाऊ शकतो.

नेमक्या याच क्षणी वीज अपुरी पडली, तर विद्युतदाब घसरतो. डिस्कवरील नियंत्रक चिप बंद पडते व मोटरचा पुरवठा थांबतो. भार नाहीसा झाल्याने दाब पुन्हा सावरतो, चिप जागी होते आणि मोटर नव्याने फिरू लागते. हे चक्र चालू राहिले की ‘घर्र... टक्... घर्र... टक्’ असा आवाज ऐकू येतो. यातील ‘टक्’ म्हणजे हेड तातडीने मागे घेतल्याचा आवाज होय. अचानक वीज गेली तरी डिस्क हे काम करू शकते, कारण फिरत्या तबकड्यांच्या गतीमुळे मोटर क्षणभर जनित्रासारखी वागते आणि तेवढ्या विजेवर हेड जागेवर नेली जातात. ही योजना आणीबाणीसाठी असते. नेहमीच्या शांत माघारीपेक्षा ती यंत्रणेला अधिक झिजवते. म्हणूनच विजेचा दोष ‘किरकोळ’ म्हणून अंगावर काढणे योग्य नव्हे. तो कालांतराने खऱ्या यांत्रिक बिघाडाचे रूप घेऊ शकतो.

यूएसबीच्या विजेचे गणित

अडीच इंची डिस्कला बहुधा स्वतंत्र अॅडॉप्टर नसतो. माहिती आणि वीज दोन्ही एकाच केबलमधून येतात. २००० साली आलेल्या यूएसबी २.० या मानकानुसार एका पोर्टने ५ व्होल्ट दाबाने जास्तीत जास्त ५०० मिलीअँपिअर, म्हणजे अडीच वॅट, वीज देणे अपेक्षित आहे. २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० मध्ये ही मर्यादा ९०० मिलीअँपिअर, म्हणजे साडेचार वॅट, झाली. पुढे आलेल्या टाइप-सी जोडणीत पोर्टच्या क्षमतेनुसार ५ व्होल्टला दीड किंवा तीन अँपिअरपर्यंत प्रवाह मिळू शकतो. मात्र प्रत्येक टाइप-सी पोर्ट तेवढा देतोच असे नाही.

या आकड्यांवरून एक गोष्ट उघड होते. यूएसबी २.० च्या मर्यादेत बसणाऱ्या पोर्टवर १ अँपिअर मागणारी डिस्क सुरू होणे अवघडच. तरीही अनेक ठिकाणी ती चालते, कारण पुष्कळ संगणकांचे पोर्ट मानकापेक्षा थोडा अधिक प्रवाह देऊ करतात. एका संगणकावर सुरळीत चालणारी डिस्क दुसऱ्यावर ठोके देते, त्याचे रहस्य यातच आहे.

दुसरा मुद्दा केबलचा. बाजारातील स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा बरेचदा २८ गेजच्या असतात. गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. अशा एक मीटर केबलमध्ये जाऊन-येऊन दोन मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे ०.४३ ओहम भरतो. तीतून १ अँपिअर प्रवाह गेला की केबलमध्येच ०.४३ व्होल्ट खर्ची पडतात. ५ व्होल्टपैकी डिस्कपर्यंत जेमतेम ४.५७ पोहोचतात. त्यात पिनांच्या सैल संपर्काची भर पडली की दाब आणखी घटतो. तीच केबल २४ गेज तारांची असेल, तर घट ०.१७ व्होल्टच्या आसपास राहते. लांबी निम्मी केली की घटही निम्मी होते. डिस्कसोबत कंपनी आखूड केबल देते, ती काटकसर म्हणून नव्हे.

आवाजांची ओळख

तपासणीपूर्वी आवाज नीट ऐकावा. डिस्क हातात धरून हलवू नये; मेजावर सपाट ठेवून कान जवळ न्यावा.

- एकसारखी मंद गुणगुण : तबकड्या फिरल्याचा स्वाभाविक आवाज.
- काम चालू असताना हलकी कुरकुर : हेड इकडून तिकडे सरकल्याचा आवाज. मोठी फाइल उतरवल्यानंतरही काही डिस्क बराच वेळ कुरकुरतात. अंतर्गत मांडणीचे उरलेले काम त्या उरकत असतात. हा दोष नव्हे.
- सुरू होऊन लगेच बंद पडणे, दर काही सेकंदांनी एक ठोका : अपुऱ्या विजेचे ठळक लक्षण. दिवा मंद होणे किंवा लुकलुकणे ही त्याची जोड.
- बारीक ‘पी-पी’ किंवा तुटक गुंजन, तबकड्या फिरल्याची जाणीव नाही : मोटर जोर लावते, पण फिरत नाही. वीज अपुरी असेल. अथवा हेड तबकडीला चिकटून बसली असतील वा बेअरिंग जाम झाले असेल.
- तबकड्या पूर्ण वेगाने फिरत आहेत, तरी ठरावीक तालात ठोके : हेडना तबकडीवरील दिशादर्शक खुणा सापडत नाहीत, म्हणून ती पुन्हा पुन्हा टोकापर्यंत जाऊन परततात. बहुधा यांत्रिक बिघाड.
- खरवडल्यासारखा किंवा धातू घासल्यासारखा आवाज : हेड तबकडीला टेकल्याची शक्यता. वीज तत्काळ बंद करावी.

आधी थांबण्याचा नियम

प्रयोगाला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा : या डिस्कवरील माहितीची दुसरी प्रत कोठे आहे काय? असेल, तर पुढील तपासण्या निर्धास्तपणे कराव्यात. नसेल, तर प्रत्येक वेळी वीज देणे हा एक धोका पत्करणे आहे, हे ध्यानात ठेवावे. हेड खरोखरच निकामी झाली असतील, तर दर वेळी तबकडीवरील थर खरवडला जाऊ शकतो. आणि थर गेला की त्यावरील माहिती कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.

डिस्क पडली असेल, तिच्यात पाणी गेले असेल, जळल्याचा वास येत असेल किंवा खरवडल्याचा आवाज असेल, तर एकदाही जोडून पाहू नये. अन्य लक्षणांत, पोर्ट आणि केबल बदलून दोन-तीन प्रयत्न पुरे. ठोके दहा-पंधरा सेकंदांत थांबले नाहीत तर वीज काढावी. डिस्कला टपली मारणे किंवा ती फ्रीजरमध्ये ठेवणे असे ऐकीव उपाय कटाक्षाने टाळावेत. फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर तबकड्यांवर दव धरते आणि उरलीसुरली आशाही संपते.

लहान डिस्कच्या तपासणीचा क्रम

पुढील पायऱ्या एकेक करून घ्याव्यात. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तर दोष कोठे होता ते कळते.

१. मधले दुवे काढावेत. हब, एक्स्टेंशन केबल, कीबोर्डवरील पोर्ट हे सारे वगळून डिस्क थेट संगणकाला जोडावी. डेस्कटॉप संगणक असेल तर मागील पोर्ट वापरावा. तो मदरबोर्डवरच असतो. पुढील पोर्टपर्यंत वीज आतील बारीक तारांतून येते.

२. केबल बदलावी. आखूड आणि जाड केबल घ्यावी. पिन सैल बसत असेल, केबल किंचित हलवताच दिवा विझत असेल, तर ती केबल बाद समजावी. दोष डिस्कच्या बाजूच्या खाचेत असेल, तर नवी केबलही सैलच बसेल.

३. इतर उपकरणे काढावीत. मोबाइलचे चार्जिंग, पंखा, दुसरी डिस्क यांचा भार काही संगणकांत एकाच मर्यादेत मोजला जातो. माउस व कीबोर्ड वगळता बाकी सर्व काढून पाहावे.

४. लॅपटॉपला चार्जर लावावा. बॅटरी उतरलेली असताना काही लॅपटॉप पोर्टचा पुरवठा आखडता घेतात.

५. यूएसबी ३.० चा पोर्ट किंवा दुसरा संगणक वापरून पाहावा. यूएसबी ३.० चा पोर्ट बहुधा आतून निळा असतो. येथे डिस्क निमूट चालली, तर दोष पहिल्या संगणकाच्या पुरवठ्यात आहे हे जवळपास नक्की. डिस्क चालली की पहिले काम तपासणीचे नव्हे, तर महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे उतरवून घेण्याचे.

६. स्वतःचा अॅडॉप्टर असलेला हब घ्यावा. जुन्या संगणकासाठी हाच खात्रीचा उपाय. मात्र अॅडॉप्टरची क्षमता पाहावी. ५ व्होल्ट, २ अँपिअरच्या अॅडॉप्टरवर सात पोर्ट असले, तरी एकूण वीज १० वॅटच. दोन डिस्क एकाच वेळी सुरू झाल्या की ती सारी तेथेच संपते.

दोन शेपट्यांची, इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी केबल पूर्वी अनेक डिस्कसोबत मिळत असे. दोन पोर्टमधून वीज घेऊन ती काम भागवते. यूएसबीच्या मानकात तिला स्थान नाही. वापरायचीच झाली, तर तिची दोन्ही टोके एकाच संगणकाला जोडावीत आणि ती तात्पुरती सोय समजावी.

हीच काळजी टीव्हीच्या बाबतीतही घ्यावी. अनेक टीव्हींच्या मागे एखाद्या पोर्टशेजारी ‘एचडीडी’ असे लिहिलेले असते किंवा अँपिअरचा आकडा छापलेला असतो. हार्ड डिस्क त्याच पोर्टला जोडावी. शेजारचा पोर्ट केवळ पेन ड्राइव्हपुरता असू शकतो.

अॅडॉप्टरवर चालणारी मोठी डिस्क

साडेतीन इंची डिस्क ठोके देऊ लागली, की पहिला संशय अॅडॉप्टरवर घ्यावा. त्यातील कपॅसिटर उष्णतेने वर्षानुवर्षे सुकत जातात. परिणामी नुसता अॅडॉप्टर मल्टिमीटरने मोजला, तर १२ व्होल्ट बरोबर दिसतात. पण मोटरचा भार पडताच दाब कोसळतो. डिस्कचा दिवा लागतो, तबकड्या मात्र वेग घेत नाहीत. म्हणून भाराविना केलेली मोजणी हा अॅडॉप्टर चांगला असल्याचा पुरावा मानू नये. तशाच दुसऱ्या अॅडॉप्टरवर डिस्क चालवून पाहणे हीच खरी कसोटी.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा पुण्याची तपकीर गल्ली, नवा अॅडॉप्टर घेताना जुना सोबत न्यावा आणि चार गोष्टी पडताळाव्यात. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा अधिक चालतील, कमी चालणार नाहीत. अँपिअर अधिक असल्याने डिस्क जळत नाही, कारण ती गरजेपुरताच प्रवाह घेते. पिनच्या आतील व बाहेरील बाजूंची धन-ऋण खूण जुळली पाहिजे. आणि पिनचा व्यास नेमका असावा. ओढूनताणून बसवलेली पिन सैलच राहते.

सर्वांत मोठा धोका घरातल्या अॅडॉप्टरच्या अदलाबदलीचा. लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या अॅडॉप्टरची पिन काही डिस्कच्या खाचेत बसून जाते. तो चुकून लावला गेला, तर डिस्कच्या सर्किट बोर्डवरील भाग क्षणात जळू शकतात. अनेक बोर्डांवर वाढीव दाब स्वतःवर घेणारा संरक्षक डायोड असतो. तो बळी जाऊन तबकड्या व हेड वाचण्याची शक्यता असते. पण ही दुरुस्ती तज्ज्ञानेच करावी. तशाच दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून बसवणे आता बहुधा उपयोगी पडत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतंत्र जुळणी तिच्याच बोर्डवरील चिपमध्ये साठवलेली असते. यावर साधा उपाय म्हणजे प्रत्येक अॅडॉप्टरवर तो कोणत्या उपकरणाचा आहे, याची चिठ्ठी चिकटवणे.

घरची वीज

वीज येते-जाते तेव्हाचा झटका टाळण्यासाठी मोठी डिस्क यूपीएसवर चालवावी. भारनियमन किंवा पावसाळ्यातील खंडित पुरवठा नेहमीचा असेल तेथे तर हे आवश्यकच. वीज जाताच डिस्कची सूचक हालचाल पूर्ण होण्याआधी पुरवठा तुटला, तर लिहिली जात असलेली फाइल अर्धवट राहते. सैल सॉकेट आणि एकाच एक्स्टेंशन बोर्डवर मिक्सर किंवा इस्त्रीसारखी जड उपकरणे हेही नको. धातूच्या डबीला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर ती अॅडॉप्टरमधील सूक्ष्म गळती असू शकते. परंतु घरातील अर्थिंग तुटल्याचेही ते लक्षण असते. सॉकेटचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.

संगणक काय नोंद ठेवतो?

डिस्क दिसू लागल्यावर संगणकाच्या नोंदी पाहाव्यात. विंडोजमधील इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १५७ क्रमांकाची नोंद वारंवार दिसली, तर चालू काम सोडून डिस्क अचानक नाहीशी होत होती, असा अर्थ होतो. वीज किंवा केबलकडे बोट दाखवणारी ही खूण आहे. ७ क्रमांकाची नोंद खराब झालेल्या भागाबद्दल असते.

हार्ड डिस्क स्वतःही ‘स्मार्ट’ नावाची प्रकृतीची नोंदवही ठेवते. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टमॉनटूल्स या मोफत प्रोग्रॅमनी ती वाचता येते, अर्थात डबीतील जोडणी-चिप तशी मुभा देत असेल तर. ५ क्रमांकापुढे बदललेल्या सेक्टरची, तर १९७ पुढे संशयास्पद सेक्टरची संख्या असते. या दोन्ही शून्य असून १९२ क्रमांकाची, म्हणजे तातडीच्या माघारीची, संख्या मात्र भराभर वाढत असेल, तर दोष विजेचा मानावा. ५ आणि १९७ चे आकडे दर तपासणीत वाढत असतील, तर डिस्क निवृत्तीला आली आहे. काही प्रोग्रॅम हे क्रमांक सोळा अंकी पद्धतीने दाखवतात. तेथे १९७ च्या जागी ‘सी५’ आणि १९२ च्या जागी ‘सी०’ दिसेल.

काही वेळ स्वस्थ राहिल्यावरच डिस्क ‘टक्’ करून थांबत असेल, तर तो बिघाड नसून वीजबचतीची व्यवस्था असू शकते. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधील ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ ही सोय बंद करून फरक पडतो का, ते पाहावे.

डिस्क फॉरमॅट करायची का, असे संगणकाने विचारल्यास माहिती हवी असणाऱ्याने होकार देऊ नये. चेकडिस्कसारखा दुरुस्तीचा प्रोग्रॅमही फाइल उतरवून घेतल्यावरच चालवावा. तो डिस्कवर लिहितो आणि आजारी डिस्कवर लिहिणे म्हणजे उरलेला ऐवज पणाला लावणे.

वीज पुरेशी, तरीही ठोके

चांगली केबल, सशक्त पोर्ट आणि दुसरा संगणक एवढे करूनही ठोके कायम राहिले, तर दोष विजेचा नाही असा निष्कर्ष निघतो. साडेतीन इंची डिस्क डबीतून काढून थेट संगणकाच्या साटा जोडणीवर पाहता येते. जोडणी-चिप बिघडली असल्यास ती तेथे चालेल. अडीच इंची डिस्कमध्ये मात्र अनेकदा यूएसबीची खाच मूळ बोर्डवरच असते, म्हणून हा मार्ग खुंटतो. काही कंपन्यांच्या डबीतील चिप माहिती सांकेतिक रूपात साठवते. अशी डिस्क दुसऱ्या डबीत घातली तर फिरेल, पण वाचता येणार नाही. मूळ डबी म्हणूनच टाकून देऊ नये.

यानंतरचा निर्णय माहितीच्या मोलाचा आहे. ती पुन्हा मिळवता येण्याजोगी असेल, तर डिस्क हमीत बदलून घ्यावी. हमीत नवी डिस्क मिळते, जुन्यातील माहिती मिळत नाही. माहिती अमोल असेल, तर डिस्क बंद ठेवून माहिती परत मिळवून देणाऱ्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडे सोपवावी. खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि डिस्क धूळविरहित कक्षात उघडणार का, हे विचारावे. दुरुस्तीच्या सामान्य दुकानात झाकण उघडलेल्या डिस्कमध्ये शिरलेला एक धूलिकणही हेडपेक्षा कितीतरी मोठा अडथळा ठरतो.

अपुऱ्या विजेचा दोष सापडला आणि डिस्क पुन्हा शांतपणे फिरू लागली, तरी तिच्यावर पूर्वीइतका विश्वास टाकू नये. महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक घराबाहेर, हा जाणकारांचा नियम आजही तितकाच खरा आहे. केबल बदलता येते, अॅडॉप्टर नवा आणता येतो, डिस्कही बाजारात मिळते. आजीच्या आवाजातील एकुलती एक ध्वनिफीत मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. ठोक्यांची वाट न पाहता तिची दुसरी प्रत आजच करून ठेवणे, हीच खरी दुरुस्ती होय.